मी पुसलेला कोड

क्रूझ कंट्रोल चालत नाही अशी तक्रार घेऊन कुणी दुकानात आलं, की मी आधी विचारायचो, "वापरणार कुठं?" माणूस चिडायचा. माझं दुकान नळदुर्गला, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. तो एक रस्ता सोडला, तर वेग ठरवून द्यावा आणि पाय आखडून निवांत बसावं, असा रस्ता आमच्या भागात सापडणं अवघड. पण गाडीत बटण आहे आणि ते चालत नाही, हे माणसाला सहन होत नाही.

भूम तालुक्यातल्या ईटहून एक शेतकरी खास एवढ्यासाठी आले होते. गाडी नवी, आणि हौसेनं स्टेअरिंगला जाड कव्हर शिवून घेतलेलं. त्या कव्हरची कड क्रूझच्या बटणावर बसली होती. बटण कायम दाबलेलं. गाडीतल्या संगणकाला वाटायचं, बटण अडकलंय, म्हणून त्यानं सगळं क्रूझच बंद करून टाकलं होतं. मी ब्लेडनं कड कापली, कोड पुसला आणि म्हणालो, "झालं."

"एवढ्यासाठी मी ईटहून आलो व्हय?"

"आता लावून बघा की रस्त्यात."

"कुठं लावू? आमच्याकडं गाडी तिसऱ्या गिअरच्या म्होरं जात न्हाय." असं म्हणून ते स्वतःच हसले आणि गेले.

दिवाळी अंकासाठी लिहा असं ज्यांनी मला सांगितलं, त्यांना असेच किस्से हवे होते. ते माझ्याकडे पुष्कळ आहेत. तीस-बत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेल्या माणसाकडे नसतील तर कुणाकडे असतील? पण लिहायला बसलो की मला एकच गाडी दिसते. ती पांढरी होती. तिचं सांगतो. बाकीचं राहू द्या.

त्याआधी थोडं कामाबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी शिकलो तेव्हा डायनॅमो आणि स्टार्टरचं काम होतं. टेस्ट लॅम्पचा दिवा लागला की करंट आहे, नाही लागला की नाही. पुढं गाड्यांत संगणक आले आणि मी कर्ज काढून स्कॅनर घेतला. स्टेअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनरची पिन घातली की गाडीला काय दुखतंय ते पडद्यावर येतं. एक इंग्रजी अक्षर आणि पुढं चार आकडे. त्याला कोड म्हणतात. कोड म्हणजे रोग नव्हे, गाडीनं केलेली तक्रार. तक्रारीवरून रोग शोधायचा, दुरुस्त करायचा, आणि मग कोड पुसायचा. हा क्रम. पण पुसायचं बटण दुरुस्ती झाली का, असं विचारत नाही. काही दुरुस्त न करताही कोड पुसता येतो. दिवा विझतो, बंद पडलेलं चालू होतं, गिऱ्हाईक खूश होतं. रोग आतच राहतो, आणि चार-आठ दिवसांनी गाडी पुन्हा तीच तक्रार लिहून ठेवते.

क्रूझच्या बाबतीत हे फार जपायचं असतं. क्रूझ लावलं की गाडी तुम्ही ठरवलेल्या वेगानं आपोआप पळते, आणि ब्रेकला पाय लागला की सुटते. त्यासाठी ब्रेकच्या पेडलवर एक छोटा स्विच असतो. त्याच्या पोटात दोन जोड असतात. एक मागचा लाल दिवा लावतो, दुसरा संगणकाला कळवतो की ब्रेक दाबलाय. दोघांचं म्हणणं जुळलं पाहिजे. एक म्हणतो दाबलाय, दुसरा म्हणतो नाही, असं झालं की संगणक कोड लिहितो आणि क्रूझ बंद करतो. त्याचा अर्थ इतकाच, की मला ब्रेकचा भरवसा वाटत नाही, तेव्हा मी वेग धरून ठेवणार नाही.

पांढरी गाडी आमच्या गावातल्या गुत्तेदारांची होती. आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. लोक त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांचे टिप्पर, त्यांचा खडीचा क्रशर, त्यांच्या सगळ्या गाड्यांचं वायरिंग माझ्याकडे. अण्णा वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीला एकदा सोलापूरच्या दवाखान्यात हलवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी न मागता गाडी पाठवली होती. ते मी विसरलो नव्हतो, आणि मी विसरलो नाही हे त्यांनाही माहीत होतं.

"मिस्त्री, क्रूझ लागंना बघा," ते म्हणाले. "हैदराबादला जायचंय. पाय आखडून बसायची सवय लागलीय आता."

मी स्कॅनर लावला. ब्रेकच्या स्विचचा कोड. अण्णांना पेडल दाबायला सांगून मी मागं उभा राहिलो. दिवा लागला. पुन्हा लागला. आठ वेळा लागला. नवव्या वेळी लागला नाही. अण्णा आतून 'दाबलंय' म्हणत होते आणि मागं अंधार. दहाव्या वेळी पुन्हा लागला.

मी खिडकीशी गेलो. "अण्णा, क्रूझचं सोडा. मागचा ब्रेकचा दिवा मधूनच लागंना. स्विच बदलावा लागंल."

"हाय का तुमच्याकडं?"

"ह्या गाडीचा न्हाय. सोलापूरहून मागवतो. दोन दिवस लागतील."

"मला आत्ता निघायचंय. हे क्रूझ आत्ता चालू व्हतंय का न्हाय, तेवढं सांगा."

"कोड पुसला की व्हतंय, पण..."

"मग पुसा की. स्विचचं आल्यावर बघू."

मी पुसला. ते गेले, सुखरूप परतही आले. स्विच सोलापूरहून आला आणि माझ्या फळीवर पडून राहिला. अर्ध्या तासाचं काम होतं. मी फोन केला. ते म्हणाले, येतो. बारा-पंधरा दिवसांनी क्रूझ पुन्हा बंद पडलं तेव्हा आले, पण सोबत कुणी साहेब होते, घाई होती. मी पुसला. तिसऱ्या वेळी तर ते गाडीतून उतरलेच नाहीत. रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्यांनी हॉर्न दिला. मी स्कॅनर घेऊन गेलो, खिडकीतून हात घातला, त्यांच्या गुडघ्याशी वाकून कोड पुसला. मिनिटाचं काम. "स्विच येऊन पडलाय, अण्णा," असं म्हणालो खरं, पण कसं? चहा घेता का, असं विचारावं तसं. त्या मिनिटात मी गाडीची किल्ली काढून खिशात घालू शकलो असतो. त्यांनी आरडाओरडा केला असता, आठ दिवस बोलले नसते, टिप्पर दुसरीकडे पाठवले असते. याहून जास्त काही होणार नव्हतं.

त्यानंतर पाच दिवसांनी अपघात झाला.

उसाचे दिवस होते. भर दुपारी अण्णा सोलापूरच्या दिशेनं निघाले होते, क्रूझ लावून, नव्वदच्या आसपास. दुभाजकाच्या फटीतून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन अचानक आडवा आला. अण्णांनी जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली, ट्रॉलीपासून दोन हातांवर. मागं कोथिंबिरीच्या जुड्या भरलेला छोटा टेम्पो होता. तो थांबला नाही. थेट पांढऱ्या गाडीवर येऊन आदळला. त्या टेम्पोला पुढं बॉनेट नसतं, ड्रायव्हरचे पाय आणि पुढची गाडी यांच्यात फक्त एक पत्रा. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली चेंगरला. सोलापूरला नेला तेव्हा तो काढावाच लागला. अण्णांच्या मानेला जरा हिसका बसला. ट्रॅक्टर तसाच निघून गेला.

ड्रायव्हरचं नाव लक्ष्मण. नळदुर्गपासून सहा-सात किलोमीटर आत त्याचं गाव. मेंढरं राखणारं घर, घरात गाडी चालवायला शिकलेला हा पहिला. वय तिशीच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन. "मिस्त्री, गाडी क्रशरवर आणून लावलीय. तुमचं यंत्र घेऊन या. आणि तो स्विच घेऊन या."

स्विच म्हणाले तेव्हाच मला सगळं कळलं. तरी मी गेलो.

गाडीचा मागचा डावा कोपरा आत गेला होता. तो दिवा फुटलेला, पण उजवा दिवा आणि काचेवरचा तिसरा दिवा शाबूत होते. मी पिन जोडली. कोड होता. कोड लिहिला जातो त्या वेळी गाडी कशी चालली होती, याची नोंदही संगणक ठेवतो. ती मी उघडली. वेग सत्त्याऐंशी. एक जोड म्हणत होता ब्रेक दाबलाय. दिव्याचा जोड म्हणत होता नाही. म्हणजे अण्णांनी ब्रेक दाबला तेव्हा मागं लाल दिवा लागलाच नव्हता. पांढऱ्या गाडीच्या पाठीकडे बघत येणाऱ्या त्या पोराला ती थांबतेय हे कळायला काही मार्गच नव्हता.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी फुटलेल्या दिव्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "दुपारी गाडी तपासायला आरटीओचे साहेब येणार हायत. गाडीत दोष निघाला तर इन्शुरन्सवाला हात वर करंल, आणि त्या पोराचं सगळं माझ्या अंगावर येईल. स्विच बसवा. ते पुसून टाका."

"अण्णा, त्या पोराचा पाय गेलाय."

"मला म्हाईत न्हाय का? पुसलं न्हाय म्हणून पाय परत येणाराय का त्याचा? आणि मिस्त्री, कोड पुसून गाडी रस्त्यावर सोडली कुणी? तीनदा? साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?"

त्यांनी हे आवाज चढवून म्हटलं नाही. चढवायची गरज नव्हती.

मी स्विच बदलला. रोजचं काम होतं, हात आपोआप चालले. मग पडद्यावर विचारणा आली, कोड पुसायचा का, हो किंवा नाही. मी हो दाबलं. जुना स्विच अण्णांनी मागून घेतला आणि खिशात टाकला. दुपारी साहेबांनी पेडल दाबून बघितलं. शाबूत असलेले दोन्ही दिवे झगझगीत लागले. तसं लिहिलं गेलं. त्यात साहेबांची काही चूक नव्हती. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं.

महिन्याभरानं लक्ष्मणचे वडील दुकानात आले. धोंडिबा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. बाकावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"मिस्त्री, पोरगं म्हणतंय, म्होरच्या गाडीचा लाल दिवा लागलाच न्हाय. पोलीस म्हणत्यात, दिवा चालू हाय, तपासलाय. कुणी तर सांगितलं, ते मिस्त्री गाडीला यंत्र लावत्यात, गाडीच्या पोटातलं सगळं दिसतंय त्यास्नी. तुमी बघितलं व्हतं का?"

मी टेस्ट लॅम्प पुसत होतो. पुसतच राहिलो.

"बघितलं व्हतं, बाबा. दिवे चालू हायत. कोड काही न्हाय त्यात आता."

ह्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते आधीपासून जुळवून ठेवलेलं होतं, कारण कुणीतरी येणार हे मला ठाऊक होतं. धोंडिबांनी काठी सावरली. "बरं," म्हणाले आणि उतरून गेले. पायरी उतरताना त्यांनी दुकानाला हात लावून नमस्कार केला. का केला, कुणास ठाऊक. त्यांना सवय असेल. माझ्या धंद्यातली सगळ्यात हलकी गोष्ट मी कुठली केली असं कुणी विचारलं, तर मी कोड पुसण्याचं नाव घेणार नाही. हे वाक्य सांगेन.

पुढं लक्ष्मणनं कोर्टात गुन्हा कबूल केला. तारखांना जाणं त्याला झेपत नव्हतं, आणि मागून धडकणाऱ्याचीच चूक धरतात हे त्याला सगळ्यांनी समजावलं होतं. दंड भरून तो मोकळा झाला. मला हे कळलं तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं. संपलं एकदाचं, असं वाटलं.

दीड वर्षानं मी एका पेट्रोल पंपावर मोटरसायकलमध्ये हवा भरायला थांबलो. हवेच्या मशीनपाशी खुर्चीवर लक्ष्मण बसला होता. शेजारी कुबडी. मी त्याला आधी एकदाच लांबून बघितलं होतं, पण ओळखलं. त्यानं वाकून चाकाला नळी लावली. मी काही विचारायला नको होतं. पण तोंडातून गेलं, "कसं झालं रे हे?"

"माझंच चुकलं, काका. डुलकी लागली असंल मला."

"डुलकी? भर दुपारी?"

"सगळे तेच म्हणत्यात. मी आधी म्हणायचो, जागा व्हतो, म्होरच्या गाडीचा दिवा लागलाच न्हाय. पण तपासलेली गाडी खोटी कशी असंल? मग मीच झोपलो असणार. आता कधी कधी मला आठवतंय बी तसं. डोळे मिटल्यागत."

तो हे अगदी साधेपणानं सांगत होता. मशीनवरचा काटा बघत, हवा किती झाली ते मोजत. पाय गेला होता हे मला ठाऊक होतं. जे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तेही गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी गाडीवरून उतरलो आणि त्याला सगळं सांगितलं. तिथंच, उभ्यानं. नवव्या वेळी न लागलेला दिवा, तीनदा पुसलेला कोड, फळीवर पडलेला स्विच, क्रशरवरची सकाळ, सत्त्याऐंशीचा वेग. वडलांना काय म्हणालो तेही. तो नळी हातात धरून ऐकत होता. मला वाटलं, कुबडी उचलून डोक्यात घालेल. घातली असती तर बरं झालं असतं.

"मग मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

"न्हाय."

"दिवा लागलाच नव्हता."

"न्हाय लागला."

त्यानं नळी मशीनला अडकवली. मग म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय करू मी? गावात मला दारुडा म्हणत्यात. टेम्पोवर झोपला म्हणत्यात. बायकोच्या माहेरी बी तेच. उद्या गावात या आणि तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. जाताना मनात हिशेब चालूच होता की अण्णांपर्यंत हे किती वेळात पोचेल. मारुतीच्या देवळापुढं पारावर दहा-बारा माणसं होती. धोंडिबा होते. लक्ष्मण माझ्या शेजारी कुबडीवर उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. मी सगळं पुन्हा सांगितलं. कोड म्हणजे काय तेही सांगावं लागलं. एकानं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. मी बोलत राहिलो.

मी थांबलो. मग एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "मिस्त्री, तुमी म्हणता ते कोड आता दाखवता का?"

"आता न्हाय. मी पुसले."

"तो स्विच?"

"तो माझ्याकडं न्हाय."

"म्हंजे दाखवायला काहीच न्हाय."

"न्हाय."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या मागून एक जण हसला. "दीड वर्षानं आठवलं व्हय हे? गुत्तेदारासंगं वाजलेलं दिसतंय ह्यांचं." दुसरा हळूच म्हणाला, पण ऐकू येईल असं, "लक्ष्मणनं पैसं द्यायचं कबूल केलं असंल ह्यास्नी. केस पुन्हा काढायची असंल."

मी म्हणालो, "कुणी काही कबूल केलेलं न्हाय. मी माझ्या मनानं आलोय." माझाच आवाज मला खोटा वाटला. चार माणसं उठून कामाला गेली. धोंडिबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि दुकानात म्हणाले होते तसंच, "बरं," म्हणाले. या वेळी नमस्कार केला नाही.

त्यानंतर मी लक्ष्मणच्या वकिलाकडेही लिहून दिलं. त्यांनी वाचलं, कबुली झालेली आहे म्हणाले, कागद फाईलला लावून ठेवला. अण्णांचे टिप्पर आठ दिवसांत दुसरीकडे गेले. त्याचं मला दुःख नाही. दुकान आता मी आठवड्यातून तीन-चार दिवस उघडतो. काय दुरुस्त केलं हे लिहिल्याशिवाय कोड पुसत नाही. गिऱ्हाइकं वैतागतात. समोर दुसरं दुकान आहे, तिथं मिनिटात पुसून मिळतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचंच. पारावरची माणसं पांगल्यावर लक्ष्मण माझ्याबरोबर मोटरसायकलपर्यंत चालत आला. कुबडी खडीत रुतत होती, तरी त्यानं मला हात लावू दिला नाही. मी म्हणालो, "लक्ष्मण, मी खरं तेच सांगितलं रे."

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. उलट, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी सोबतीला मिळाल्यासारखं तो माझ्याकडे बघत होता. "आता कळलं का, काका? माणूस खरं बोलतोय आणि कुणालाच पटंना, की कसं वाटतंय?"

मी किक मारली. पहिल्यांदा लागली नाही. तो तिथंच उभा राहिला, दुसरी मारेपर्यंत.